पर्वतचित्रण, महाराष्ट्रातील

डोंगर, घाट, कडे, पठारे आणि त्यांच्या कुशीत वसलेली खेडी यांचे चित्रकलेतील दर्शन. निसर्गचित्रणाचीच ही एक शाखा असली, तरी महाराष्ट्रात तिला काहीसा स्वतंत्र इतिहास आहे. डोंगराचे चित्र काढणारा बहुधा त्या डोंगरावर राहणारा नसतो. तो प्रवासी असतो आणि पाहिलेले दृश्य रेखाटनाच्या वहीत वा केवळ स्मरणात साठवून पुढे कधीतरी ते रंगवतो. त्यामुळे पर्वतचित्रात प्रत्यक्ष पाहिलेला डोंगर आणि चित्रकाराच्या मनात आधीपासून असलेला, शिकलेला डोंगर यांचे मिश्रण झालेले असते. महाराष्ट्रातील पर्वतचित्रणाचा इतिहास हा मुख्यतः या दोन डोंगरांतील ताणाचा इतिहास आहे.

भूरूप व चित्ररूप : महाराष्ट्राचा बहुतेक भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक पसरलेल्या या जवळजवळ आडव्या थरांची झीज होऊन येथील डोंगर घडले. म्हणून सह्याद्री आणि त्याचे पूर्वेकडे गेलेले सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट व शंभू महादेव हे फाटे माथ्यावर सपाट आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूशास्त्रात या खडकासाठी रूढ असलेली ‘ट्रॅप’ ही संज्ञाही पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आलेली आहे. कळसूबाईसारखे (१,६४६ मी.) शिखर किंवा एखादा सुळका वगळल्यास हिमालयात वा आल्प्समध्ये दिसणारी टोकदार शिखरांची रांग येथे नाही. कडा, माची, सोंड, धार, खिंड, घळ, नेढे, सडा, पठार हे मराठीतील डोंगरवाचक शब्द या रूपांचेच सूक्ष्म भेद दाखवतात.

चित्रकाराच्या दृष्टीने याचे परिणाम महत्त्वाचे आहेत. टोकदार शिखर नजरेला वर नेते, तर सह्याद्रीचा सपाट माथा तिला आडवी फिरवतो. चित्राचा तोल त्यामुळे उभ्या रेषेऐवजी क्षितिजसमांतर पट्ट्यांवर साधावा लागतो. ऋतुमानाने रंगही पूर्णपणे पालटतात. चैत्र-वैशाखात गवत वाळून डोंगर तांबूस-पिवळे होतात आणि धुरकट हवेत दूरच्या रांगा करड्या दिसतात. आषाढात कातळ काळाभोर होऊन त्यावरून धबधबे उतरतात. भाद्रपदाच्या सुमारास पठारांवर सोनकीची पिवळी फुले पसरतात आणि काही वर्षांच्या अंतराने कारवीचा जांभळा बहर येतो. एकाच डोंगराची ही तीन-चार रूपे ओळखणे, ही येथील पर्वतचित्रणाची पहिली कसोटी होय.

अजिंठ्यातील डोंगर : महाराष्ट्रातील सर्वांत जुने चित्रित डोंगर अजिंठ्याच्या लेण्यांत (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) आढळतात. वाघोरा नदीच्या नालाकृती कड्यात इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून ही लेणी खोदली गेली आणि त्यांतील बहुतेक उपलब्ध भित्तिचित्रे इ. स. पाचव्या शतकातील आहेत. त्यांत डोंगर हे स्वतंत्र चित्रविषय म्हणून येत नाहीत, जातककथांतील प्रसंगांची स्थळे म्हणून येतात. ते एकमेकांवर रचलेल्या, पुढे आलेल्या घनाकृती ठोकळ्यांच्या रूपात काढलेले असून एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करण्याचे कामही करतात. हा संकेत शैलीबद्ध आहे. तथापि लेण्यांबाहेर येऊन समोरचा कडा पाहणाऱ्यास, चौकोनी फुटणाऱ्या बेसाल्ट खडकाशी या ठोकळ्यांचे साम्य जाणवल्यावाचून राहत नाही. यानंतरच्या दीर्घ कालखंडात पोथीचित्रे, लघुचित्रे व वाड्यांतील भित्तिचित्रे यांत डोंगर आला, तो गौण पार्श्वभूमी म्हणून. गोवर्धन, कैलास, द्रोणागिरी अशा पुराणातील पर्वतांना स्थान मिळाले. चित्रकाराच्या गावामागच्या डोंगराला ते मिळाले नाही.

प्रवासी चित्रकार : डोंगर हा स्वतंत्र चित्रविषय झाला, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. पुण्याच्या पेशवे दरबारातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) पुण्यास आला. सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत काही स्थानिक तरुणांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकविण्यात आले. त्यांपैकी गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९० नंतरच्या दशकात वेरूळ येथे जाऊन तेथील लेण्यांची रेखाटने केली. डोंगराच्या पोटातील शिल्पे हा त्यांचा विषय होता, तरी प्रत्यक्ष स्थळी जाऊन खडक जसा दिसतो तसा कागदावर उतरवणारे एतद्देशीय चित्रकार म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे. वेल्सच्या वेरूळविषयक रेखाटनांवरून टॉमस डॅन्येल याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ॲक्वाटिंट पद्धतीची मुद्राचित्रे लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

याच काळात भारतात आलेल्या इंग्रज चित्रकारांनी आपल्याबरोबर ‘चित्रमय’ दृश्याचा एक ठरीव साचा आणला होता. पुरोभागी गडद झाड वा खडक, मध्यभागी पाणी आणि चार-दोन माणसे, मागे निळसर होत जाणारे पर्वत, अशी त्याची मांडणी असे. रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारतातील दृश्यांचा जो चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात बोर घाट व दौलताबादचा किल्ला यांची दृश्ये आहेत. ग्रिंडले स्वतः लष्करी अधिकारी होता आणि मूळ रेखाटने इंग्लंडमधील कलावंतांनी मुद्रणासाठी पुन्हा काढली. साहजिकच एका प्रवाशाची आठवण दुसऱ्याच्या हातून, तो प्रदेश कधी न पाहिलेल्या वाचकापर्यंत पोहोचली. या प्रवासात डोंगर अधिक उंच, अधिक टोकदार व अधिक रौद्र होत गेले. बनावट करण्याचा हेतू त्यामागे नव्हता. स्मरणातील रिकाम्या जागा नेहमीच परिचित साच्याने भरल्या जातात.

थंड हवेची ठिकाणे व रेल्वे : महाबळेश्वर १८२८-२९ मध्ये आरोग्यस्थान म्हणून वसविण्यात आले, तर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये माथेरानकडे लक्ष वेधले. १८६३ मध्ये बोर घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईचा चित्रकार काही तासांत सह्याद्रीच्या कड्यावर पोहोचू लागला. माथेरानची छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. या ठिकाणी दरीच्या कडेला नेमलेल्या ‘पॉइंट’ नावाच्या जागांनी डोंगर कोठून पाहावा, हे ठरवून टाकले. चित्रचौकटीचे अर्धे काम ही जागाच करीत असे. नावेही बदलली. खंडाळ्याजवळचा जो कडा स्थानिक लोकांना नागफणी वाटत आला होता, तो इंग्रज प्रवाशांना आपल्या एका ड्यूकच्या नाकासारखा दिसला आणि ‘ड्यूक्स नोज’ झाला. एकाच खडकाची ही दोन नावे म्हणजे दोन वेगळ्या स्मृतिसंग्रहांतून झालेली दोन दर्शने होत.

कलाशाळा व जलरंग : १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) रेखाटनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्याआधी रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या होत्या, तर ग्रिफिथ्सच्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्झिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. तथापि या मोहिमांचा एक परिणाम टिकून राहिला. मुंबईत शिकणारे तरुण खानदेश व मराठवाडा यांच्या सीमेवरील डोंगरांत दीर्घकाळ राहिले आणि चित्रकाराने प्रवास करावा, ही कल्पना शिक्षणाचा भाग बनली.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनी निसर्गचित्रणाला प्रतिष्ठा व ग्राहक मिळवून दिले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे मुख्यतः मनुष्याकृतींचे चित्रकार असूनही त्यांनी जलरंगांत निसर्गदृश्ये रंगविली. मा. के. परांडेकर यांनी तर निसर्गचित्रण हेच आपले क्षेत्र मानले. ओल्या कागदावर एकमेकांत मिसळणारे पारदर्शक जलरंग हे माध्यम पावसाळी सह्याद्रीला विशेष अनुकूल ठरले. ढगात अर्धवट बुडालेला कडा तैलरंगात कष्टाने साधावा लागतो. जलरंगात तो कागदाच्या ओलाव्यातून आपोआप उमटू शकतो. नाशिकचे शिवाजी तुपे यांच्यासारख्या पुढील पिढीतील चित्रकारांनी जलरंगाची हीच परंपरा जोपासली.

कोल्हापूरचे निसर्गचित्रण : कोल्हापूरच्या परिसरात तळी, नदी, ऊसमळे आणि पश्चिमेस सह्याद्री अशी विविधता असल्याने तेथे निसर्गचित्रणाची समृद्ध परंपरा निर्माण झाली. तिचे आद्य प्रवर्तक आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) हे मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयास राहिले. कोटितीर्थ, रंकाळा व पंचगंगेचा काठ ही त्यांची आवडती स्थळे. लहान आकाराच्या कागदावर, एकाच जागेची निरनिराळ्या प्रहरांतील रूपे त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगितले जाते. दूरचा रोमांचकारी पर्वत शोधण्याऐवजी रोजच्या वाटेवरील दृश्य आयुष्यभर पाहत राहणे, ही त्यांची देणगी महत्त्वाची आहे. येथे स्मृती प्रवासाची नाही, परिचयाची आहे. चित्रपट-अभिनेते म्हणून प्रसिद्ध असलेले चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) हे याच परंपरेतील निसर्गचित्रकार होत. जलरंगांखेरीज रंगीत पूड कागदावर बोटांनी पसरवून चित्र साधण्याच्या ‘पावडर शेडिंग’ पद्धतीत त्यांनी विपुल काम केले. कोल्हापुरातील ‘निसर्ग’ या त्यांच्या निवासस्थानी आता शासकीय संग्रहालय आहे.

लोकप्रिय प्रतिमा : प्रदर्शनांतील चित्रे फार थोड्यांनी पाहिली. बहुसंख्य मराठी माणसांच्या मनातील चित्रित डोंगर आला, तो अन्य मार्गांनी. पहिला मार्ग म्हणजे संगीत नाटकांचे रंगविलेले पडदे. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर (मृ. १९१६) आणि बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे विशेष वाखाणले गेले. कंपनी गावोगाव फिरे आणि तिच्याबरोबर अरण्याचा व पर्वताचा पडदाही फिरे. दुसरा मार्ग शिळाछापाच्या रंगीत चित्रांचा. राजा रविवर्मा यांचा मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. लोहगड-विसापूरच्या सपाट माथ्यांच्या पायथ्याशी छापलेल्या शिव-पार्वतीच्या चित्रांत मात्र हिमाच्छादित टोकदार शिखरे होती आणि देव्हाऱ्यावरच्या भिंतीवर हीच शिखरे घरोघर पोहोचली. जत्रेतील छायाचित्रकाराचा रंगीत पडदा आणि दिनदर्शिका यांनी त्यांचीच पुनरावृत्ती केली.

तिसरा मार्ग शाळेचा. महाराष्ट्रात चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमीजिएट’ या श्रेणी परीक्षा दीर्घकाळ रूढ असून १९६५ मध्ये स्थापन झालेले राज्याचे कला संचालनालय त्या घेते. वस्तुचित्र, संकल्पचित्र यांबरोबर ‘स्मरणचित्र’ हा त्यांतील एक विषय आहे. समोर काहीही न ठेवता, पूर्वी पाहिलेले आठवून काढावयाचे हे चित्र होय. परीक्षेबाहेर शाळकरी मुले जे ‘निसर्गचित्र’ म्हणून काढतात, त्याचा साचा राज्यभर जवळजवळ एकच आहे : दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा अर्धा सूर्य, तेथून निघून रुंद होत पुढे येणारी नदी, काठी एक झोपडी आणि नारळाचे झाड.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या, गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीच्या सपाट मुलखातल्या गावाच्या संदर्भात या साच्याचा विचार उद्बोधक ठरतो. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आहेत. अंबड येथे मत्स्योदरी देवीचे मंदिर ज्या टेकडीवर आहे, ती माशाच्या आकाराची मानली जाते आणि देवीचे नावही त्यावरूनच पडले आहे. म्हणजे या परिसराला डोंगराचे स्वतःचे, नीट निरखलेले रूप आहे. ते लांबट व आडवे आहे आणि लोकस्मृतीने त्याला नावही दिलेले आहे. तरीही येथील शाळकरी मुलाच्या वहीत डोंगर म्हणून उमटतो, तो समभुज त्रिकोण. नारळाचे झाडही त्या वहीत कोकणातून आलेले असते. पाहिलेला डोंगर डोळ्यांपुढे असताना शिकलेला डोंगर हातातून उतरावा, हे साच्याच्या बळाचे स्पष्ट उदाहरण आहे. कलाशिक्षणातील स्मरणचित्राचा मूळ हेतू नेमका याच्या उलट आहे. मुलाने जत्रेला, आजोळी वा सहलीला जाताना जे पाहिले, ते स्वतःच्या आठवणीतून काढावे, अशी त्यात अपेक्षा असते.

वारली चित्रांतील डोंगर : त्रिकोण सर्वत्र उसनाच असतो, असे मात्र नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली चित्रांत त्रिकोण ही मूलभूत आकृती आहे आणि ती डोंगर व टोकदार वृक्ष यांवरून आली, असे सांगितले जाते. डहाणूजवळील महालक्ष्मीचा सुळका खरोखरच टोकदार असून त्यावर चैत्रातील यात्रेत ध्वज लावतात. विवाहप्रसंगी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा असे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर व शहरात आली आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांनी तिला जागतिक कीर्ती मिळवून दिली. या चित्रांत डोंगर मागे, निळसर व रिकामा नसतो. त्यावर वाटा असतात, मोळ्या वाहणारी माणसे, गुरे व शिकार असते. चित्र काढणारा डोंगराकडे पाहत नसून डोंगरातच आहे, हा प्रवासी चित्रकाराच्या दृष्टीपेक्षा मूलतः वेगळा दृष्टिकोन होय (पहा : वारली चित्रकला).

बेंद्रे व नंतरचे चित्रकार : प्रवास हाच कलेचा पाया मानणाऱ्या मराठी चित्रकारांत नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–९२) यांचे स्थान अग्रगण्य आहे. इंदूर येथे द. दा. देवळालीकर यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थ्यांना घेऊन उघड्यावर निसर्गचित्रण करण्याची या गुरूची पद्धत होती. १९३० नंतरच्या दशकात बेंद्रे यांनी काश्मीरमध्ये तेथील शासनाच्या पर्यटनविषयक कार्यालयात चित्रकार म्हणून काम केले. पुढे त्यांनी भारतभर तसेच अमेरिका, यूरोप व अतिपूर्वेकडील देशांत प्रवास केला. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. प्रारंभीची त्यांची निसर्गचित्रे प्रत्यक्ष स्थळी, वेगाने व अपारदर्शक रंगांत केलेली आहेत. उत्तरकाळात प्रवासात टिपलेली रेखाटने व स्मरण यांच्या आधारे ते चित्रशाळेत चित्र रचू लागले आणि रंगांच्या लहान बिंदूंनी साधलेल्या चित्रांत स्थळाचा तपशील मागे पडून प्रकाशाचे स्मरण तेवढे उरले. तरुण प्रवाशाची वही आणि वृद्ध चित्रकाराची आठवण यांतील अंतर त्यांच्या चित्रसंभारात सलगपणे पाहावयास मिळते.

नागपूर व मुंबई येथील कलाशाळांत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनीही प्रारंभी जलरंगांत निसर्गदृश्ये रंगविली. १९४८ मध्ये काश्मीरला गेले असता छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ याने त्यांना चित्राच्या रचनेकडे लक्ष वेधून सेझानच्या अभ्यासाचा सल्ला दिला. सेझानने (१८३९–१९०६) फ्रान्समधील एकच डोंगर पुनःपुन्हा रंगवून त्याची घडण शोधली होती. दृश्याच्या मोहकतेकडून त्याच्या घडणीकडे झालेली ही वाटचाल स्वातंत्र्योत्तर काळातील मराठी चित्रकारांवरही परिणाम करून गेली. आडव्या थरांचा, पायऱ्यांचा सह्याद्री अशा दृष्टीला साहजिकच अधिक जवळचा ठरला.

स्मृतीचे कार्य : आठवणीतून पर्वत रंगविण्याची प्रथा जगात प्राचीन आहे. चीनमधील त्सुंग बिंग (३७५–४४३) याने वार्धक्यात प्रवास अशक्य झाल्यावर, पूर्वी भटकलेले पर्वत आपल्या खोलीच्या भिंतींवर रंगविले, म्हणजे अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांतून हिंडता यावे. नेदर्लंड्सच्या सपाट प्रदेशातील पीटर ब्रॉयगेल (सु. १५२५–६९) याने तरुणपणी इटलीच्या प्रवासात आल्प्स ओलांडला. पुढे १५६५ मध्ये बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे चित्र काढताना त्याने आपल्याकडील खेड्यामागे आल्प्सचे कडे उभे केले. त्याने वाटेत पर्वत गिळले आणि घरी येऊन फलकावर ओकले, अशा आशयाचे उद्गार त्याच्या चरित्रकाराने १६०४ मध्ये काढले आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ (१८०२–९७) याने चित्रस्मृतीचे पद्धतशीर शिक्षण दिले. विख्यात शिल्पकार रॉदँ हा त्याचा विद्यार्थी होता. स्मृती ही जन्मजात देणगी नसून सरावाने वाढणारी शक्ती आहे, ही त्याची भूमिका होती.

व्यवहारात पर्वतचित्रकार स्थळावर प्रथम मोठे आकार व त्यांच्या कडा टिपतो, छायाप्रकाशाच्या तीन-चार पातळ्या ठरवतो आणि रंगांची नावे रेखाटनावर लिहून ठेवतो. प्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत बदलत असल्याने बाकीचे काम स्मरणावर सोपवावे लागते. स्मृती तपशील गाळते आणि जे विशेष जाणवले ते ठळक करते. तिच्या या निवडीतच चित्राची वैयक्तिकता असते. तिचा दोषही तेथेच आहे, कारण जे नीट पाहिले नाही ते ती उसन्या साच्याने भरून काढते. डोंगराची सोंड कोणत्या बाजूस उतरते, कड्याचे थर किती, माथा कोठे तुटतो, हे जाणीवपूर्वक पाहिलेले असेल, तरच वर्षानंतर काढलेले चित्र त्या डोंगराचे राहते. छायाचित्रणामुळे तपशिलाची अडचण दूर झाली, परंतु निवडीचे काम छायाचित्र करीत नाही. म्हणून निसर्गचित्रणाच्या अध्यापनात प्रत्यक्ष स्थळी केलेल्या रेखाटनाला आजही महत्त्व दिले जाते.

सद्यःस्थिती : २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा अंतर्भाव आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांनाही हा दर्जा मिळाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून त्यांतील गिरिदुर्ग ही सह्याद्रीच्या आडव्या रूपाची उत्तम उदाहरणे होत. दुसऱ्या बाजूने खाणी, रस्ते व बांधकामे यांमुळे डोंगरांच्या कडा बदलत आहेत. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) आणि रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे कोसळलेल्या दरडींनी डोंगराच्या कुशीतील वस्त्या गाडल्या. निसर्गदृश्यात झोपडी हा जो एक मोहक रंगबिंदू मानला जात आला, तेथे माणसे राहतात आणि डोंगराचा भार त्यांच्यावर असतो, याचे विस्मरण प्रवासी दृष्टीला सहज होते.

या पार्श्वभूमीवर जुन्या पर्वतचित्रांना कलामूल्याखेरीज साक्षीचे मूल्यही आले आहे. बदललेल्या वा नाहीशा झालेल्या डोंगररूपांची नोंद त्यांत आढळते. अर्थात ही साक्ष, ज्या चित्रकारांनी साचा बाजूला ठेवून समोरचा डोंगर पाहिला, त्यांच्याच चित्रांत मिळते. आबालाल रहिमान यांचे रंकाळ्याचे चित्र त्या स्थळाविषयी काही सांगू शकते, साच्यातील त्रिकोणी पर्वत कोणत्याच स्थळाविषयी काही सांगत नाही. शालेय स्मरणचित्राचे महत्त्वही याच दृष्टीने आहे. मत्स्योदरीची टेकडी पाहिलेल्या मुलाने ती माशासारखी लांबट काढली, तर पाहिलेला डोंगर शिकलेल्या डोंगरावर मात करतो आणि त्या प्रदेशाच्या चित्रपरंपरेत एका खऱ्या डोंगराची भर पडते.